झाकलेलं मशीन

शुभंकर : थिनरनं रंग निघत नाहीये गं. उलट खालची अक्षरंच पुसली जाताहेत.

वैष्णवी : मग थांब ना! अरे, हा टाइपरायटर म्हणजे माझ्या काकूचा जीव आहे, कळतंय का तुला? निम्म्या विश्रांतवाडीला टायपिंग शिकवलंय तिनं याच्यावर. मानानं मांडून ठेवू म्हणून मागून नेलं, आणि आपण काय केलं? गोल्डन स्प्रे!

शुभंकर : ऑफिसच्या पार्टीची थीमच ब्लॅक अँड गोल्ड होती. स्प्रे मी मारला, मान्य. पण ‘कसलं भारी दिसतंय’ म्हणून ओरडलं कोण?

वैष्णवी : मीच. म्हणून तर बेल वाजवायला हात होत नाहीये.

शुभंकर : त्यांना धड दिसत नाही म्हणालीस ना? मग ठेवू आणि पळू.

वैष्णवी : किती नीच आहेस रे... माझ्याही मनात लिफ्टमध्ये हेच आलं होतं.

(दार उघडतं.)

प्रेमला : कोण आहे? आणि हा वास कसला? वरच्यांनी रंगकाम काढलंय की काय?

वैष्णवी : मी आहे, काकू. मशीन आणलंय. हा शुभंकर, माझ्या ऑफिसातला.

प्रेमला : या, या. हिंजवडीहून एवढं धूड घेऊन आलात! ठेवा टेबलावर. वैष्णवी, तो नॅपकिन दे.

शुभंकर : नॅपकिन कशाला, काकू?

प्रेमला : बटणांवर टाकायला. आमच्या क्लासात पहिल्या दिवसापासून हात कापडाखाली. खाली बघितलं की बाहेर उभं करायचे मी! म्हणून तर आता दिसेनासं झालं तरी माझं काही अडत नाही. थांबा, कागद लावते. ओळ संपत आली की घंटी कशी वाजते ऐका. तुमच्या लॅपटॉपला घंटी नाही, म्हणून तुम्ही थांबत नाही कुठे.

वैष्णवी : काकू, आत्ता नको ना. नंतर कधीतरी...

प्रेमला : अगं, बोटं शिवशिवताहेत माझी. हे... हे चिकटतंय.

शुभंकर : जरा जॅम झालं असेल.

प्रेमला : दांडी वर जाते, परत येत नाही. आणि बोटांना खरखरीत काय लागतंय?

शुभंकर : काकू, ते जरा डेकोरेशनचं...

वैष्णवी : रंग आहे, काकू. सोनेरी. पार्टीत फोटोसाठी ठेवलं होतं. लोक मांडीवर घेऊन सेल्फी काढत होते. मी कुणाला अडवलं नाही. मी पण काढला.

प्रेमला : बरे आले का फोटो?

वैष्णवी : काकू, प्लीज...

प्रेमला : आणि पाटी? माझ्या नावाची लावणार होतीस.

शुभंकर : लावली होती की! ‘आजीचा लॅपटॉप’. सगळे जाम हसले...

वैष्णवी : शुभंकर, गप बस.

प्रेमला : हं.

वैष्णवी : मी आत्ताच्या आत्ता दुरुस्तीला नेते, काकू. कोणीतरी करत असेलच ना अजून. तो नॅपकिन काढ, बघू दे मला किती बिघडलंय.

प्रेमला : राहू दे. झाकलेलंच असू दे.

वैष्णवी : पण काकू...

प्रेमला : संध्याकाळी माझ्या क्लासच्या जुन्या मुली येताहेत, मशीन बघायला. कंपनीनं किती मानानं ठेवलं होतं, ते मी एकेकीला फोन करून सांगितलंय. तू थांब चहाला. पाटीवर काय लिहिलं होतं ते विचारतीलच. मला ते काही नीटसं सांगता यायचं नाही.