रूफसबद्दलची शंका

आयोवातल्या एका लहान गावात, कोर्टासमोरच्या बाकावर लोर्नाबाई बसची वाट बघत होत्या. त्यांच्या शेजारी आजच ज्यूरीच्या कामातून मोकळे झालेले एक आजोबा आणि त्यांची नात टेसी येऊन बसले.

"आजोबा, त्या माणसाला सोडून का दिलंत?"

"आम्हा बाराही जणांना शंका होती. रास्त शंका."

"म्हणजे कसली?"

"जिला नीट कारण देता येतं, तसली."

"मग रूफसला मामाच्या शेतावर का धाडताय?"

"जत्रेतल्या स्पर्धेसाठी केलेला माझा चेरीचा केक त्या कुत्र्याने फस्त केला! नाक लालेलाल होतं त्याचं."

"खाताना कुणी बघितलं?"

"बघितलं नाही."

"भुतानेसुद्धा खाल्ला असेल."

"ही नुसतीच शंका. रास्त नव्हे."

"बरं, मग झाकण कुणी लावलं?"

"कसलं झाकण?"

"तुम्हीच म्हणालात ना, झाकण उचललं तर आत ताटली रिकामी! रूफस केक खाऊन वर झाकण लावतो?"

लोर्नाबाईंनी हसू लपवायला रुमाल तोंडाशी धरला.

"अगं... खरंच की! आणि नाकाला काय, खाली सांडलेलंही लागतं. जिंकलात, वकीलबाई. रूफस घरीच राहील."

टेसीने बाकावरच नाच केला. मग ती हळूच खाली बसली.

"आजोबा, केक खरंच कुणी खाल्ला, ते ज्यूरीला शोधावं लागतं?"

"छे! ते आमचं काम नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"ज्यूरी फार चांगली असते हो, आजोबा."