वडिलांच्या मापाची खुर्ची

सन्माननीय अध्यक्ष महोदया, रुग्णालयाचे अधीक्षक डॉक्टर, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या थेरपिस्ट ताई, त्यांचे सहकारी, आणि ताईंनी ज्यांना पुन्हा उठायला-बसायला शिकवलं ते समोरचे सगळे जण,

मी शिंपी. माझं बोलणं गिऱ्हाइकाशी, तेही तोंडात टाचण्या धरून. त्यामुळे सभेत कसं बोलतात ते मला नीटसं जमत नाही. ताईंच्या सेवेबद्दल आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. मी फक्त अंघोळीच्या खुर्चीबद्दल बोलणार आहे. अधीक्षक साहेब हसले. हरकत नाही, मीही पूर्वी हसलो असतो.

पाच वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तेही शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. ते रुग्णालयातून घरी येणार म्हणून मी दुकानातून अंघोळीसाठी सगळ्यात भारदस्त खुर्ची आणली. जाड गादी, उंच पाठ, चार चाकं. वडिलांसाठी साधंसुधं काही घ्यायला मन धजेना. त्यांना विचारलं का? नाही. आणि जन्मभर मापं घेणाऱ्या मी बाथरूमच्या दाराचं माप तरी घेतलं का? तेही नाही. ती कशीबशी तिरपी करून आत घातली.

तिसऱ्या दिवशी एका चाकाचा ब्रेक लावायचा मी विसरलो. वडील टेकायला गेले, खुर्ची मागे सरकली आणि ते ओल्या फरशीवर पडले. हाड वाचलं. पण त्यानंतर ते मला जवळ येऊ देईनात. अकरा दिवस अंघोळ नाही. अंग पुसायला गेलो की भिंतीकडे तोंड. एकदा माझा तोल गेला आणि मी म्हणालो, लहान मुलासारखं काय करताय? हे बोललो, ते तुमच्यापुढे कबूल करतो.

शेवटी माझ्या पत्नीनं रुग्णालयात फोन केला आणि ताई घरी आल्या. मी लगेच वजन, उंची, औषधं सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पलंगाजवळ स्टूल ओढून वडिलांना विचारलं, "मास्तर, अंघोळीच्या वेळी तुम्हाला काय हवं?"

वडिलांची जीभ जड झाली होती. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "दार लावलेलं."

"मग तिथूनच सुरुवात करू," ताई म्हणाल्या.

त्या बाथरूममध्ये गेल्या आणि तांब्याभर पाणी ओतून ते कुठे वाहतं ते बघत बसल्या. मला वाटलं, बाई करतात तरी काय? उतार बघत होत्या. म्हणाल्या, मास्तर काठीनं सहा पावलं चालतात, त्यांना ढकलत न्यायची गरज नाही. इथे चाकं नकोत. रबरी टोप्यांचे चार पाय हवेत, प्रत्येकाची उंची वेगळी करता येईल असे, म्हणजे उतारावर खुर्ची डुगडुगणार नाही. पाणी निथळायला बैठकीला भोकं. उठताना जोर द्यायला दोन्ही बाजूंना हात. आणि डाव्या भिंतीला एक दांडी, कारण मास्तरांचा भरवसा डाव्या हातावर.

मग बैठकीची उंची. फार खाली असली तर उठता येत नाही, फार वर असली तर पाय लोंबकळतात. ताईंनी वडिलांना घरातल्या साध्या खुर्चीत बसवलं आणि गुडघ्यामागून जमिनीपर्यंत टेप लावली. तेव्हा वडील अडखळत म्हणाले, "हे माप चपलेसकट की अनवाणी?"

पँटची लांबी घेताना आम्ही शिंपी हे विचारतोच. वडिलांच्या पायात जाड तळाच्या चपला होत्या. ताई थबकल्या. "चुकलं माझं, मास्तर," म्हणाल्या, चपला काढल्या आणि टेपचं वरचं टोक त्यांच्या डाव्या हातात दिलं. माप पाऊण इंचानं कमी भरलं. वडिलांनी आकडा दोनदा म्हणून घेतला, तसाच, जसा ते दुकानात मला लिहून घ्यायला सांगायचे. महिन्याभरानं त्यांचा तो आवाज मी ऐकला.

कोपऱ्यातली माझी खुर्ची ताईंना दिसली होती. ती कोणी आणली, हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "चांगली आहे. दुसऱ्या घरी उपयोगी पडेल." पुढे त्यांनीच तिला ते घर शोधून दिलं.

नवी खुर्ची आली. दार लोटलेलं, कडी काढलेली, आणि मला ताकीद, हाक आल्याशिवाय आत जायचं नाही. चाळीस मिनिटं मी बाहेर उभा होतो. पाणी थांबलं की मी दाराला कान लावायचो. अखेर वडील बाहेर आले, केस विंचरलेले, आणि म्हणाले, "साबण बदल. याचा वास बरा नाही." स्वयंपाकघरात माझी पत्नी डोळे पुसत होती.

त्यानंतर चार वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं अंघोळ केली. गेल्या वर्षी ताकद उतरत गेली. एका सकाळी आतून हाक आली, "अरे, पाठ चोळून देतोस का?" मी बाह्या सरसावून आत गेलो. पुढचे दोन महिने रोज ती हाक येत होती. मग ती थांबली.

ताई, तुमच्यामुळे ते दोन महिने मला मिळाले. तुमचे आभार घरी मानायचे राहून गेले, ते आज सगळ्यांसमोर मानतो. मला बोलायला उभं केलंत, माझं लांबलेलं बोलणं ऐकून घेतलंत, त्याबद्दल आपलाही ऋणी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, काही वेडंवाकडं बोललो असेन, तर पोटात घाला. नमस्कार.