फणसातला खिळा

अगं, बनशंकरी भागातल्या घरामागचा आमचा फणस वाळला ना, तेव्हाची गोष्ट. झाड कापायला आलेल्या अण्णानं आधीच विचारलं, "अक्का, खोडात लोखंड नाही ना?"

मी छातीठोकपणे म्हटलं, "छे! बाबांनी कपड्यांच्या दोरीसाठीसुद्धा कधी खिळा ठोकू दिला नाही."

वरून तुकडे पाडत तो खाली आला आणि करवत किंचाळली. दोन दात गेले. अण्णा भडकला, "मग हे काय?"

आई हळूच म्हणाली, "तू पुण्याला शिकायला गेलीस, त्या संध्याकाळी तुझ्या बाबांनीच ठोकला. तुझी उंची आठवून."

मी खोडाला पाठ टेकून उभी राहिले. सालीखालून उघडा पडलेला खिळा बरोबर माझ्या डोक्याच्या उंचीवर होता.

अण्णानं करवत पुसली. "सरी, बरं अक्का, एवढं खोड राहू दे."