पाच नंबरचं बटण

हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बहीणभावाचे वडील सकाळी गेले. ते झालंच नाही असं धरून पुढे वाचावं, कारण ते दोघंही तसंच बोलत होते.

“ताई, बाबांची वाचा गेली म्हणून लॅपटॉपवर केलेला तुझा प्रोग्रॅम मठ्ठ आहे. त्यांनी बटण दाबून एकदा पाणी मागितलं की स्क्रीनभर पाणीच पाणी.”

“त्यांना बोट पटकन उचलता येत नाही रे, बटण दाबलेलंच राहतं. पहिला दाब धरायचा, बाकीचे सोडून द्यायचे. आज करते दुरुस्त.”

“आणि एंटर?”

“लागतच नाही. एकच बोट हलतं त्यांचं, दोन बटणं कशी दाबतील? एक पाणी, दोन कूस बदला, तीन दुखतंय, चार दिवा बंद. दाबलं की झालं.”

“मग काल दिवसभर पाच का दाबत होते?”

“पाच मी ठेवलाच नव्हता.”

“तेच तर. दर वेळी स्क्रीनवर यायचं, ‘चुकीचा पर्याय, पुन्हा निवडा’. हे पुन्हा पाचच. हट्टी माणूस.”

“तुला बोलावत असतील.”

“मला? मला तर ते जन्मभर चुकीचा पर्यायच समजले.”

“गप रे. आज पाच जोडते. पण पुढे लिहू काय?”

“रिकामा ठेव. काय हवं ते त्यांना माहितीये.”

तेवढ्यात नर्स आली. “खाट रिकामी करायचीय. लॅपटॉप बंद करू ना?”

भाऊ उठून उभा राहिला, शर्ट नीट केला.

“सिस्टर, रुग्णास पाचवा पर्याय उपलब्ध होईपर्यंत खाट रिकामी करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.”