कुंडलचा हार

— न्हाई न्हाई, पुना सांगू नगासा, कळलं मला. उद्या चावडीम्होरं मांडव घालनार, खुर्च्या मांडनार, पाटील नारळ फोडनार, आन् आमा समद्या रामोश्यांच्या गळ्यात तुमी हार घालनार — सरकारनं गुन्हेगारीचा शिक्का पुसला म्हनून. आन् बायांस्नी लुगडी. त्यातलं पयलं लुगडं ह्या दगडाबाईला, कारन वस्तीत ही सगळ्यात म्हातारी. लय झ्याक! आवं सायब, माझं पोरगं, माझा धुळा, परवापास्नं तालुक्याच्या कचेरीत कोंडलाय चोरीच्या आळावर, आन् मी हितं लुगडं नेसून मिरवू व्हय? कुनाला दावू, फौजदाराला? ... बसा, बसा. एवढ्यात उठू नगासा, घोंगडं सवच्छ हाय. आमच्यातलं पानी पिलासा, लय मोठं केलंसा — पर तांब्या तोंडाला लावायच्या आदी वस्तीवर नजर फिरवलीसा, कोन बघतंय का म्हनून, त्ये बघितलं मी. पांढरी टोपी घालून येत्यात त्ये समदे असंच पित्यात. कुनी बघाय नसलं की त्यास्नी तहानच लागत न्हाई.

हजेरी बंद झाली म्हंतासा — व्हय, झाली. पर हजेरी म्हंजे काय, ठावं हाय का तुमास्नी? कागदावर ठावं आसंल. दिवं लागलं की समद्या बाप्यांनी चावडीम्होरं उकिडवं बसायचं. पाटलानं नाव घ्यायचं, आन् ह्यांनी वरडायचं — हाजिर! पुना पहाटं, कोंबडं आरवायच्या आत, त्येच. एक रात गावाभायेर काडायची तर पाटलाची चिठ्ठी पायजे, आन् चिठ्ठीला काय फुकट मिळती? एक कोंबडी, न्हाईतर त्येच्या मळ्यात राबायचं. माझा मालक, धुळ्याचा बा, तापानं फनफनत हुता — तरी बाजेवर घालून न्यावा लागला. नाव घेतलं, तर ह्येच्या तोंडातनं आवाज फुटंना. मग मीच वरडले, हाजिर! तर पाटील म्हनतो कसा, बाईचा आवाज चालत न्हाई, त्येलाच बोलू दे. काय करता? नाकापाशी सूत धरून दावलं — बघ बाबा, अजून जित्ता हाय. तवा पाटलानं मान हालवली. तीच माझ्या मालकाची शेवटची हजेरी.

आन् आता तुमी आलासा. दसऱ्याच्या आदी डफडं वाजवून सांगितलंसा — आजपास्नं हजेरी न्हाई, चिठ्ठी न्हाई, कुटं बी जावा, कुटं बी ऱ्हावा, तुमी बी हिंदुस्थानची मानसं. मला काय त्येचं कवतिक वाटलं न्हाई. मी लय सरकारं बघितली, गोऱ्याचं बघितलं, संस्थानाचं बघितलं. न्हाई म्हनायला उलुसा गूळ वाटला वस्तीवर, बास. आन् पाटलाच्या दारावनं दोनदा गेले, उगंच, पदर खवून, मान वर करून — काय काम नव्हतं तिकडं. आन् घरी येऊन चुलीम्होरं बसून उलीसं रडले. धुरानं. हसू नगासा सायब, धूर लय हुता.

पर एक सांगते, ऐका. त्या मेल्या हजेरीत एक बरं हुतं. गोपाळवाडीला घर फुटलं तवा फौजदार आला, घोड्यावनं उतरला न उतरला तवर सरळ आमच्या वस्तीवर. आमच्यातल्या कुनाला हात लावनार तवर पाटील आपसूक म्हनला — न्हाई सायब, समदे हितंच हुते, सांजंला बी आन् पहाटं बी, माझ्याम्होरं वरडले. झालं! फौजदार चहा पिऊन गेला. पाटलाला काय आमचा कळवळा न्हवता, त्येला त्येची पाटीलकी राखायची हुती. पर पोरं वाचली. आता तुमी काय केलंसा? बोलवायचं बंद केलंसा. आन् संशेव? त्यो कुनी बंद केला? डफडं वाजवून संशेव जातोय व्हय? तेरवा लालासायबाच्या मळ्यातला इंजनाचा पट्टा गेला, चामड्याचा. इंजनवाला दिवंलागनीला भाकरी खायाला गेला, येऊन बघतुया तर पट्टा न्हाई. झालं, आला फौजदार. धुळ्या रामोशी कुटं हुता? गावात न्हवता! मग तर झालंच, त्योच चोर. आन् ह्यो लालासायब — बेचाळीस सालात ह्येचाच थोरला भाव आमच्या खोपीत दडून ऱ्हायला हुता, ह्याच घोंगड्यावर निजायचा, माझ्या हातची भाकर खायाचा. तवा आमी त्येच्या नजरंला चोर न्हवतो. आता स्वराज आलं, त्येच्या भावाला मोटार आली, आन् आमी पुना चोर.

कुटं हुता म्हंजे? कुंडलला हुता! माझी साळू दिलीया तितं. पोरीचं लगीन झालं तवापास्नं सख्खा भाव एक रात तिच्या दारात निजला न्हवता. चिठ्ठी कोन देनार? सकाळी निगायचा, घटकाभर बसायचा, दिवंलागनीच्या धाकानं पुना पळत माघारी. आता तिला लेक झाला, मी म्हनलं जा बाबा, जा, सरकारनं दार उघडलंय, भैनीकडं पोटभर जेव, पाय पसरून नीज, पहाटं उठू बी नगंस. मीच धाडला. त्यो नगं म्हनत हुता, आई, अंगवळनी पडत न्हाई, म्हनायचा, सांज झाली की पाय चावडीकडंच वळत्यात. मी म्हनलं भितूस कशाला रं, सरकारच्या सायबानं सोता सांगितलंय! ... त्ये जाऊ द्या. त्यात तुमचं काय न्हाई. म्या माती खाल्ली, तुमच्या बोलन्यावर इस्वास ठेवला. साळूनं सांगितलं फौजदाराला, तिच्या नवऱ्यानं सांगितलं. फौजदार हसला. रामोश्याला साक्षीदार रामोशी, म्हनला. कोन बरा मानूस आसंल तर घेऊन ये, म्हातारे.

म्हनून तर तुमास्नी बसवून घेतलंय. न्हाईतर मला काय तुमचं भाषान ऐकायची हौस हाय?

आटवा जरा. त्या रातीला कुंडलात तुमचाच मांडव हुता ना? गॅसबत्त्या टांगलेल्या, तितल्या रामोश्यांस्नी तुमी हार घालत हुतासा — दिवंलागनीला. मेव्हण्यासंगं धुळा बी जाऊन बसला म्होरं. उंचापुरा हाय, दिसला आसंल. तुमी म्हनलासा, ये रं, तू ये पयला. तर त्यो उठला आन् मोठ्यानं वरडला — हाजिर! समदा मांडव हसला. तुमी बी हसलासा. हार पटक्यात अडकला तवा तुमच्या हातानं त्येचा पटका काढून घेतलासा, आन् हार घातलासा, आन् म्हनलासा, आता कदी म्हनू नगंस रं हाजिर. साळूनं समदं सांगितलं मला, एकेक शबूद. ... आता कशी मान हालली तुमची! बघा, बघा, ओठ बी हालला. म्हंजे याद हाय. हाय ना? द्येवा, ह्येंच्या ध्यानात हाय!

मग उठा की! सायकल हाय तुमच्याजवळ. तालुका काय लांब न्हाई. फौजदाराम्होरं एवढंच म्हना — ह्यो मानूस त्या टायमाला माझ्याम्होरं हुता, मीच हार घातला ह्येला. कुंडलात आन् लालासायबाच्या मळ्यात एकाच येळंला कोन आसतंय? बास, दुसरं काय बी नगं. जमीन नगं, लुगडं नगं. मी तुमच्या पाया पडते, बघा, मी कुनाच्या पाया पडत न्हाई —

काय? ... तुमच्या खात्याचं न्हाई? पोलिसाचं खातं येगळं. बरं. आन्? वरनं हुकूम पायजे. आन् लालासायब उद्याच्या मांडवाला खर्ची देनार, त्येचं मन दुखवायचं न्हाई. व्हय, त्ये बी खरंच की. उद्याचा कारेक्रम हू द्या, मग बघू म्हंतासा. घड्याळ कशापायी बघताय, मी बघितलं, उन्हं कलली न्हाईत अजून. पटका हातात धरलासा, त्येला तुमचं खातं लागलं न्हाई. हाराला लागलं न्हाई. माझं तोंड उघडलं आन् मी मागितलं, तवा खातं लागलं. आवं, थू त्या खात्यावर! गोरा बरा हुता म्हननार न्हाई मी, त्यो बी मेला त्यातलाच. पर त्यो निदान गळ्यात फुलं घालून मग पाठ दावत नव्हता.

बरं. ऐका आता, शेवटचं. उद्या तुमच्या मांडवात वस्तीतलं एक मानूस येनार न्हाई. तांबडं फुटायच्या आत आमी समदे निगनार, बाया, बापे, ल्हानगी, समदे, आन् कचेरीच्या दारात जाऊन बसनार. तुमी खुर्च्या मांडा, पाटील हाय, लालासायब हाय, घाला एकामेकास्नी. आन् रामोश्यालाच घालायचा आसंल, तर हार घेऊन तितं या. गजातनं हात आत जातोय. काल मी भाकर दिली तशीच. उठा आता, घोंगडं झाडू द्या मला.