साखर घातलेले गोळे

घरच्या नानकटाया कर म्हणून माझ्या मागं लागू नका गो, मी नाय करत. का, ते ऐका.

माझी जाऊ वारली, त्याला महिनाच झालेला. पोरं जरा रमतील म्हणून मी मैदा, तूप, साखर मळली, पातेल्यात रेती तापत ठेवली आणि म्हटलं, "वळा रे गोळे."

माझ्या पोरी गोळे चपटे करून काट्यानं नक्षी काढत बसल्या. जावेचा सहा वर्षांचा निल्या मात्र गोल गोल वळून केळीच्या पानावर मांडत होता.

"अरे, ताटात ठेव, भाजायच्यात."

तो पान उचलून अंगणात निघाला.

"काकी, दहाव्याला आईच्या पिंडाला कावळा शिवलाच नाय. त्यात साखर नव्हती ना, म्हणून."