ओठाच्या डाव्या कोपऱ्याबाबत पुरवणी जबाब

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, शिक्षण बी.ए., व्यवसाय सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल, राहणार तळमजला, मागची खोली, एकटी. समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते की, माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे, घड्याळदुरुस्तीचे दुकान चालवणारे घड्याळजी, वय अंदाजे ७३, बुधवार सकाळपासून बेपत्ता आहेत. त्याबाबत गुरुवारी माझा जबाब झाला. त्यात एक गोष्ट चुकीची गेल्याने आज शनिवारी मी आपण होऊन आले आहे.

घड्याळजींचा अलीकडचा फोटो नाही. त्यांच्या पुतण्याजवळ आहे तो पुतण्याच्या लग्नातला, वीस वर्षांपूर्वीचा. मी पेन्सिलीने व्यक्तिचित्रे काढायला शिकते आणि गेले चौदा महिने दर रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा घड्याळजी माझ्या खिडकीजवळ खुर्चीत बसत. म्हणून मागच्या रविवारचे चित्र मी पोलिसांना दिले. "हुबेहूब आहे का?" असे हवालदारांनी विचारले. मी "हो" म्हणाले. त्याच्या प्रती दवाखान्यांत आणि बसस्थानकावर लावल्या आहेत. अद्याप कोणी ओळखलेले नाही.

ते चित्र हुबेहूब नाही.

सुरुवातीला मला काही जमत नव्हते. घड्याळजी कागद हातात घेऊन म्हणत, "बाई, हा कोण? ह्याला माझा शर्ट कोणी दिला?" चौथ्या महिन्यात म्हणाले, "नाक आलं. आता माणूस येऊ द्या." माझा नेहमीचा दोष असा की चेहरा एका बाजूला कलतो. त्यावर उपाय म्हणून मी काढलेला कागद आरशासमोर धरते. उलट दिसला की कललेली रेघ लगेच पकडता येते.

मागच्या दोन रविवारी आरशात चित्र वाकडे दिसले. ओठाचा डावा कोपरा खाली होता. डावा म्हणजे त्यांचा डावा, कागदावर माझ्या उजव्या हाताला. त्याच बाजूची पापणीही उतरलेली होती. मी तो माझा जुना दोष समजले आणि दोन्ही वेळा खोडरबराने पुसून कोपरा वर घेतला. समोर माणूस बसलेला असताना मी आरशातल्या कागदावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या वेळी सरळ केलेले चित्र मी त्यांना दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "असाच राहू दे." मला ती शाबासकी वाटली. त्यांचे बोलणे जड येत होते. मी विचारले तेव्हा "दाढ" एवढेच म्हणाले.

काल शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता पुतण्या माझ्याकडे आला. दुकानाशेजारच्या शिंप्याने त्याला सांगितले होते की, काकांचे तोंड पंधरा दिवसांपासून वाकडे झाले होते. पुतण्या म्हणाला, "तुम्ही दर रविवारी दीड तास त्यांच्याकडेच बघत होतात ना? मग शिंप्याला जाता-येता दिसलं ते तुम्हाला कसं नाही दिसलं?" मी त्याला बसा म्हणाले. तो बसला नाही.

आज साहेबांनी सांगितले की, तोंड वाकडे झाले म्हणजे अर्धांगवायूचा झटका असू शकतो, आणि तो येऊन गेलेला माणूस स्वतःचे नाव-पत्ता सांगू शकेलच असे नाही. तेव्हा ते कुठे असले तरी चेहऱ्यावरूनच ओळखले जातील, आणि मी लावायला दिला तो चेहरा त्यांचा नाही.

मला खरोखर दिसले नव्हते का, याचा काल रात्रभर विचार केला. पहिल्या रविवारी दिसले नव्हते. दुसऱ्या रविवारी पेन्सिल क्षणभर थांबली होती. आणखी खोदून विचारले तर ते डॉक्टरांकडे जातील, मग पुतण्याकडे राहायला जातील, असे मनात आले की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. रविवारी मी दुसऱ्या कोणाशी बोलत नाही. "हे जबाबात घ्यायचं का, बाई?" असे हवालदारांनी विचारले. घ्यावे.

पेन्सिल दाबून ओढली असेल तर पुसल्यावरही कागदावर खाच राहते. आज अकरा वाजता ठाण्यातल्या टेबलावर, मूळ चित्र खिडकीच्या उजेडात तिरपे धरून, मी त्या खाचांवरून पुन्हा रेघ ओढली. कोपरा खाली आला, पापणी उतरली. हवालदार म्हणाले, "बाई, हा तर वेगळाच माणूस झाला." साहेबांनी ते नव्या प्रती काढायला पाठवले. जुन्या प्रती काढून घेण्याच्या कामी मी सोबत जाणार आहे.

घड्याळजी सापडल्यास मलाही कळवावे. मी नातेवाईक नाही, याची मला कल्पना आहे.

वरील जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच लिहिला आहे. चित्र हुबेहूब आहे, असे मात्र मी आज म्हणत नाही. ते घड्याळजींना समोर बसवल्यावरच सांगता येईल.

समक्ष सही